मत कोणास द्यावे?

मत असणे आणि मत देणे या दोन्ही गोष्टी मराठीत एकाच शब्दाने सांगितल्या जातात, ही भाषेची सोय म्हणावी की अडचण, याचा निर्णय आम्हांस अद्यापि करता आलेला नाही. घरात ज्याचे मत विचारण्याची कोणास गरज भासत नाही, त्याचेही मत वयाची अठरा वर्षे पुरी होताच सरकार आदराने विचारते. नोकरी कोणती धरावी, घर कोठे घ्यावे, लग्न केव्हा करावे, या बाबतींत वडील मंडळी त्यास अजाण समजतात; राज्य कोणी चालवावे या बाबतीत मात्र राज्यघटना त्यास जाणता समजते. १९८९ पर्यंत हा जाणतेपणा एकविसाव्या वर्षी येत असे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने तो तीन वर्षे अलीकडे आणला.

कायद्याने दाखविलेली ही तत्परता नवी मुंबईतील तरुणाच्या मात्र फारशी उपयोगी पडली नाही. तेथील महानगरपालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली, तेव्हा महामारी सुरू होती. पुढे महामारी ओसरली; पण आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयांत रेंगाळले आणि प्रशासकाची राजवट साडेपाच वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २०१५ च्या निवडणुकीनंतर काही दिवसांनी जो अठरा वर्षांचा झाला, तो आपला पहिला नगरसेवक निवडावयास गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मधल्या काळात दिल्ली कोणाच्या हाती द्यावी हे त्यास दोनदा विचारले गेले. नेरुळच्या गटाराविषयी एकदाही नाही.

आणि विचारले गेले तेव्हा एकदम चार वेळा! २०१५ साली १११ प्रभाग होते व प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येत असे. २०२६ साली जागा तितक्याच राहिल्या. परंतु प्रभाग २८ झाले. त्यांपैकी एक तिघांचा, बाकीचे चौघांचे. कोपरखैरण्यास राहणारा आमचा एक पुतण्या त्या दिवसांत आम्हांस म्हणाला, “काका, साधा पंखा घ्यायचा तरी मी चार दुकाने हिंडतो. येथे चार माणसे निवडायची आहेत आणि त्यांतल्या एकाचीही माझी तोंडओळख नाही. ठरवू कसे?”

या प्रश्नास उत्तरे देणारी माणसे त्याच्याभोवती पुष्कळ होती. त्याच्या सोसायटीतील वजनदार सभासदांचे म्हणणे असे की, ज्याने इमारतीस रंग लावून देण्याचे कबूल केले आहे त्यास सर्वांनी एकगठ्ठा मते द्यावीत. गावाकडील मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यास सांगण्यात आले की, उमेदवार आपल्या तालुक्याचा आहे, आणखी पाहावयाचे ते काय? कचेरीतील मित्रांचे तत्त्वज्ञान याहून उच्च प्रतीचे होते: सगळे सारखेच, सबब सुट्टीच्या दिवशी लोणावळा बरा. हे शेवटचे मत सुशिक्षितांत फार प्रिय आहे, कारण त्यात शहाणपणाचा आव आणता येतो आणि कष्ट काहीच पडत नाहीत.

आम्ही त्यास प्रथम एवढेच सुचविले की, उमेदवाराने अर्जासोबत दिलेले प्रतिज्ञापत्र वाचावे. मालमत्ता, शिक्षण आणि डोक्यावरील फौजदारी खटले हे उमेदवारास स्वतःच्या सहीने जाहीर करावे लागते. ही सोय आपोआप झालेली नाही. २००२ व २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ती मतदारास मिळवून दिली. परंतु या कागदावरून माणूस काय नाही हे कळते. तो काय आहे हे कळण्यास निराळी परीक्षा हवी.

पहिली परीक्षा अशी की, ज्या कामासाठी हा माणूस उभा आहे ते काम त्यास ठाऊक आहे काय? नवी मुंबईत हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे, कारण या शहराचे धनी अनेक आहेत. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने जमीन संपादून नगर वसविले, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात, गाड्या रेल्वेच्या, पोलीस राज्य सरकारचे. महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि तिच्याकडे पाणी, कचरा, गटारे, दिवे, शाळा, दवाखाने, उद्याने ही रोजची कामे आली. तिच्या मालकीचे मोरबे धरण आहे. स्वतःचे धरण असणाऱ्या नगरपालिका देशात थोड्याच. असे असता जो उमेदवार लोकलच्या फेऱ्या वाढविण्याचे व पोलीस ठाणे सुधारण्याचे वचन देतो, तो एक तर अजाण असतो किंवा मतदारास अजाण समजतो. मोरब्याचे पाणी आमच्या टाकीत दोन तास कमी का येते, असे विचारले असता जो जलवाहिनीचा मार्ग सांगू लागतो, त्याचे भाषण रंगले नाही तरी चालेल.

दुसरी परीक्षा कठीण आहे. दहाजण ‘होय’ म्हणत असता हा माणूस ‘नाही’ म्हणू शकेल काय? महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरीही १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे सदस्य ते एकटेच निघाले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव संमत झालाच. परंतु त्या सभेतील इतर सदस्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत. सरकारच्या कृपेने आलेल्यास जे साधले, ते लोकांच्या मताने आलेल्यास साधू नये काय? उमेदवाराच्या पूर्वायुष्यात असा एखादा ‘नाही’ सापडतो काय हे पाहावे. मग तो सोसायटीच्या सभेत उच्चारलेला का असेना.

तिसरी परीक्षा उमेदवाराची व मतदाराचीही आहे. चौघे मिळून एका प्रभागाचे झाले म्हणजे गटार तुंबल्यावर पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि बोटांची ही प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत पावसाळा संपतो. हातात अनेक मते आली की एकाविषयी मतदारही निष्काळजी होतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येकास दोन मते होती व ती दोन निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाची होती. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. एक मत वाया घालवा, असा प्रचार झाल्याची तक्रार त्यांनी व अशोक मेहता यांनी लवादापुढे नेली. ती मान्य झाली नाही. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धतही १९६१ साली कायद्याने बंद झाली. परंतु हातातील दुसरे मत हे पहिल्याची शेपूट नव्हे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. म्हणून चार जागांचा विचार चार वेळा करावा. एकाच चिन्हावर चारही मते द्यावयाची असतील तर खुशाल द्यावीत. पण प्रत्येक नावापुढे क्षणभर थांबून द्यावीत. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल, तर तसे नोंदविण्याचीही सोय यंत्रावर आहे.

एका मताने काय होते, असा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेलापूर विधानसभा मतदारसंघाचा निकाल ३७७ मतांनी लागला. एवढी माणसे नेरुळच्या तीन-चार इमारतींत राहतात. लोणावळ्यास गेलेली त्याहून अधिक असतील.

परंतु आमच्या मते योग्य उमेदवाराची खरी खूण ही की, त्यास पाच वर्षे जाब विचारता यावा. तो कोठे भेटतो, पत्रास उत्तर देतो की नाही, अवघड प्रश्नास चिडतो की ऐकून घेतो, हे निवडणुकीपूर्वी एकदा त्याच्या दारी गेल्याने कळते. आम्ही पुतण्यास तसे जाण्यास सांगितले. तो चार दारी गेला. दोन ठिकाणी त्यास चहा मिळाला, एका ठिकाणी फक्त पत्रक मिळाले, आणि एका ठिकाणी कचऱ्याच्या गाडीविषयी अर्धा तास वाद झाला. मत त्याने कोणास दिले हे आम्ही विचारले नाही; ते गुप्तच असावयाचे. मात्र वाद घालणाऱ्या त्या उमेदवाराचे पत्रक त्याने रद्दीत न टाकता वीजबिलांच्या फाइलीत लावून ठेवले आहे, हे आम्ही पाहिले. या सभागृहाची मुदत पाच वर्षांची आहे. तोपर्यंत तो कागद अधूनमधून काढून वाचणारे प्रत्येक इमारतीत दोघे-तिघे जरी निघाले, तरी पुढच्या खेपेस वचने जपून छापली जातील.