पदविकेतून पदवीकडे

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयात दोन वर्षे शिकून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची जी वाट आहे, तिचे सावंतवाडीला ओळखीचे रूप म्हणजे दहावीनंतरची तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका आणि तिच्या बळावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात मिळणारा थेट प्रवेश, ज्याला विद्यार्थी ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात. बारावीमार्गे दोन अधिक चार, पदविकेमार्गे तीन अधिक तीन, म्हणजे वर्षे दोन्हीकडे सहाच. तरीही आडवाटेने आल्याचा शिक्का पदविकाधारकावर बसतो, हे विचित्रच. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनाकडे निघालेल्या, एसटीत गुडघ्यांमध्ये ड्रॉइंगची गुंडाळी धरून बसलेल्या मुलाच्या हाताला लेथ आणि वेल्डिंग ठाऊक असते, मात्र बारावीचे कलनशास्त्र, म्हणजे बदलाच्या दराचे गणित, त्याने संक्षेपाने शिकलेले असल्याने पदवीचे पहिले सत्र त्याला जड जाते.

2021 च्या नियमांनी आलेली श्रेयांक पेढी, म्हणजे शिकलेल्या विषयांचे गुणभार साठवणारे खाते, ते श्रेयांक कमाल सात वर्षे जपते. त्या खात्यात कलनशास्त्राचा अनुशेष भरून निघण्याची सोय अर्थातच नाही, त्यासाठी शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहावे लागते.