शिरड शहापूरहून कोकणात

आमचे शिरड शहापूर औंढा-वसमत रस्त्यावर आहे. हळद, कापूस, सोयाबीनचा हा मुलूख. इथे कुणालाही वसमत किती लांब म्हणून विचारा, तो किलोमीटर सांगतो आणि त्या हिशोबाने निघालेला माणूस वेळेवर पोहोचतो.

कोकणात हा हिशोब चालत नाही. मराठवाड्यातले अनेक शिक्षक रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या शाळांत नोकरीला आहेत. पवित्र पोर्टलमधून निवड झालेले नवे तरुणही तिकडे जातात. उर्दू शाळांवर रुजू होणारी आपली मुले-मुली त्यांत आहेत. मीही असाच रत्नागिरी जिल्ह्यात गेलो.

जायला दोन वाटा आहेत. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरायचे आणि तिथून कोकण रेल्वेची गाडी धरायची. नाहीतर सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा. चिपळूणकडे जाणाऱ्याने कराडहून कुंभार्ली घाट घ्यावा. कुठूनही गेलात तरी एक रात्र आणि दुसरा दिवस धरूनच चालावे.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. ७४१ किलोमीटरच्या या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. त्याआधी मुंबईला जायचे म्हणजे एसटी, आणि त्याही आधी बंदरावरची बोट. मोहल्ल्यातले म्हातारे अजून बोटीच्या गोष्टी सांगतात.

पण रेल्वेने उतरलात म्हणजे पोहोचलात असे नाही. रत्नागिरीचे स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून शहर, शहरातून तालुक्याची एसटी, मग तिठा. आपण ज्याला फाटा म्हणतो, तोच हा तिठा. तिठ्यावरून वाडीपर्यंत पाखाडी उतरायची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या. हातात बॅग आणि कडेवर मूल असले की या पाखाडीचे अंतर कळते. शेवटची एसटी गावात मुक्कामाला येते, तिला वस्तीची गाडी म्हणतात. ती चुकली तर रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते.

खाडीचा हिशोब आणखी वेगळा. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत. फेरीबोट असली की मोटारसायकलसकट काही मिनिटांत पलीकडे. बोट नसेल तर चिपळूणवरून भलामोठा वळसा. म्हणून कोकणी माणूस किलोमीटर सांगत नाही. तो विचारतो, "किती वाजता निघणार?"

नोकरीच्या पाचव्या वर्षी, जुलैत, पहाटे फोन आला. अब्बा गेले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता. घाटात दरड आली होती आणि रेल्वेही उशिरा धावत होती. शेजारच्या चाचांनी आपल्या जीपने मला दुसऱ्या घाटाने कराडपर्यंत पोहोचवले. मी शिरडला पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची फजर झाली होती. जनाजा आदल्या दिवशी असरनंतरच निघाला होता. मयतीला थांबवून ठेवू नये, हे मला ठाऊक होते, आणि भावांनी केले ते योग्यच केले. अब्बांना माती देता आली नाही, ही गोष्ट मात्र मनात राहिली.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ती झाली तर मराठवाड्याचा माणूस मुंबईचा वळसा न घेता कोकणात उतरेल. दूर नोकरी करणाऱ्यांसाठी ही सोय आई-बापाच्या शेवटच्या भेटीची आहे.

तोपर्यंत आपल्या हातात काही आहे. कोकणातल्या भावा-बहिणींना विनंती, नवा शिक्षक आला की पहिल्याच दिवशी त्याला वस्तीच्या गाडीची वेळ, फेरीबोटीची शेवटची खेप, गाडीवाल्याचा नंबर आणि मोबाईलला रेंज कुठे मिळते, एवढे कागदावर लिहून द्या. आणि इकडच्या आई-बापांनो, पावसाळ्यात मुलाचा फोन लागला नाही तर लगेच घाबरू नका. रात्री लागत नसेल तर सकाळी शाळेच्या वेळेत लावा. तिकडे कुठे कुठे रेंज सड्यावरच मिळते, आणि काही शाळा सड्यावर असतात.