दिसलीस की

“दुरून डोंगर साजरे,” असं म्हणून आई डोंगराकडे पाठ करायची आणि भांडी घासायला बसायची. नेरळच्या आमच्या घराचा मागचा ओटा थेट माथेरानच्या समोर. पावसाळ्यात कड्यावरून पडणाऱ्या पांढऱ्या धारा तिथून मोजता यायच्या, रात्री वरचे दिवे दिसायचे. चाळीस वर्षं ती त्या ओट्यावर वावरली. वर एकदाही गेली नाही.

शनिवारी सकाळी दस्तुरी नाक्यावर उतरले तेव्हा तेच तीन शब्द डोक्यात होते. दोन दिवस नुसतं पायी हिंडायचं, एवढंच ठरवलं होतं. नाक्याच्या पुढे मोटारीला बंदी आहे. सामान हमालाच्या डोक्यावर, नाहीतर घोड्यावर. अमन लॉजहून शटल सुटते, पण मी रुळांच्या कडेकडेने चालत निघाले. दोन फूट रुंदीचे ते रूळ 1907 पासून तिथं आहेत. जांभ्याची तांबडी माती अर्ध्या तासात मोज्यांपर्यंत चढली. मोटार नसली की समोरून येणारा माणूस आधी पावलांच्या आवाजाने कळतो, मग चालीने, मग चेहऱ्याने. ओळख पटायला इतका वेळ मिळतो, हे मी विसरूनच गेले होते.

लुईझा पॉइंटला पोचले, समोर प्रबळगड, आणि तिथंच म्हणीनं गाठलं. ही म्हण मुळात कुणाची? वर चढून, ठेचकाळून, निराश होऊन परतलेल्या माणसाची, की कधीच वर न गेलेल्याची? संस्कृतातही ती आहे, ‘दूरतः पर्वता रम्याः’. म्हणजे पर्वतांनी फसवलेली माणसं फार जुनी. शाळेत आम्हाला अर्थही तसाच शिकवला: लांबून चांगलं वाटतं, जवळ गेलं की खरं कळतं. पण लुईझा पॉइंटवर उभं राहिल्यावर माथेरान कुठं दिसतं? दिसतो प्रबळगड, खालची गावं. डोंगरावर गेलेल्या माणसाला तो डोंगर तेवढा दिसत नाही. मग जवळ जाऊन खरं कळतं ते कशाचं?

आणि तो ‘साजरे’ शब्द. आपण सण साजरा करतो, वाढदिवस साजरा करतो. वऱ्हाडात अजून साजरी पोर म्हणतात, साजरं घर म्हणतात, म्हणजे छान, शोभेसं. आमच्याकडे त्या अर्थाने हा शब्द एवढ्या एका म्हणीत उरलाय. आई रोज संध्याकाळी ओट्यावर पाच-दहा मिनिटं नुसती उभी राहायची, हात पदराला पुसत, डोंगराकडे बघत. ती डोंगराला नावं ठेवत होती असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, कदाचित ती त्याला साजरं म्हणत होती, सरळ, वऱ्हाडी माणूस म्हणेल तसं. पण तसं असेल तर शेवटी पाठ का करायची?

एकदा बाबांनी तिला नेण्याचा घाट घातला होता. गुडघे तेव्हाच गेले होते. बाबा म्हणाले, दस्तुरीपर्यंत टॅक्सी, पुढे हातरिक्षा करू. आईनं विचारलं, “ओढतो कोण?” बाबा म्हणाले, “माणसंच ओढतात, एक पुढे, दोन मागे.” आई म्हणाली, “दुरून डोंगर साजरे,” आणि विषय संपला. म्हणजे निदान त्या दिवशी तरी ती म्हण म्हणजे नकार होता, आणि नकाराचं कारण डोंगर नव्हता. 2022च्या डिसेंबरात वर ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. ती बातमी वाचून मी बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते. माणसानं माणसाला ओढू नये हे आईनं ओट्यावर बसून ठरवलं होतं. ती ई-रिक्षांच्या आधीच गेली.

दुपारी वन ट्री हिलकडे उतरणाऱ्या वाटेवर एक बाई भेटली. शिवाजी लॅडरच्या चढाने खालच्या वाडीतून आलेली, डोक्यावरची पाटी दगडावर टेकवून दम खात होती. पाटीत पानांवर रचलेली जांभळं. मी अर्धा किलो मागितली. तिनं ओंजळीनेच दिली, वर आणखी एक ओंजळ टाकली. मी विचारलं, “मावशी, घर दिसतं का हो इथून?”

“दिसतं की,” ती म्हणाली आणि बोटानं दाखवलं. मला झाडं दिसली फक्त. “तो धूर बघा. सासूनं चूल पेटवली. म्हणजे माझा नवरा आला रानातनं.”

मी डोळे बारीक करून पाहिलं. खूप वेळाने एक फिकट रेघ सापडली, तीही धुराची की धुक्याची, सांगता येईना. तिला मात्र तेवढ्यात सगळं घर दिसलं होतं. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर कधीपासून राहतायत. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौककडून वर चढला आणि माथेरानचा शोध लावल्याचं नाव त्याचं झालं. त्या बाईच्या कुणा खापरपणजीनं त्या दिवशीही वरून आपल्या चुलीचा धूर पाहिला असेल. लांबून सगळं साजरं दिसतं, कारण नीट दिसत नाही, असं मी आजवर धरून चालले होते. या बाईला लांबून नीट दिसत होतं. मग म्हणीचं काय करायचं?

रविवारी पहाटे पॅनोरामा पॉइंटला गेले. बाजारापासून बरंच लांब आहे, वाटेत कुणी नव्हतं. उजाडलं तसं खाली नेरळ उघडत गेलं. स्टेशन ओळखता आलं, लोकल मुंगीसारखी सरकताना दिसली. स्टेशनवरून बोट सरकवत मी आमच्या आळीपर्यंत आणलं आणि तिथं हरवले. सगळीकडे इमारती, पाण्याच्या काळ्या टाक्या. घर आता आमचं नाही, पण ते निदान आहे का, तेही कळेना.

सातवीत शाळेची सहल याच पॉइंटला आली होती. निघताना आई म्हणाली होती, “वर पोचलीस की आपल्या घराकडे तोंड करून हात हलव. मी बघत असेन.” मी खरंच हलवला, लाल रुमाल घेऊन, मैत्रिणी हसेपर्यंत. घरी आल्यावर विचारलं, दिसले का? आई म्हणाली, “दिसलीस की.” मी तेव्हा विश्वास ठेवला. मग मोठी झाले आणि ठेवेनाशी झाले. त्या जांभळंवालीला भेटल्यापासून पुन्हा काही सांगता येत नाही.

किती वाजता हात हलवणार ते मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती ओट्यावर कधीपासून उभी होती, हे मी तिला कधी विचारलं नाही.