झीज

मराठीने गुडघ्याची फारशी बूज राखलेली नाही. मूर्खाची अक्कल तिने गुडघ्यात ठेवली, उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग गुडघ्याला बांधले आणि शरण जायची वेळ आली की गुडघेच टेकायला लावले. वर्गात वाक्प्रचार शिकवताना आम्ही दोघेही ही उदाहरणे वर्षानुवर्षे हसत देत आलो. दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीचा उजवा गुडघा दुखू लागला आणि ते हसू ओसरले. दुखणे एकीचे असले, तरी ते सांभाळणे दोघांचे असते. म्हणून या लेखापुरते 'मी' हे सर्वनाम आम्ही बाजूला ठेवले आहे.

क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "झीज आहे." ऑस्टिओआर्थ्रायटिस हे नाव कागदावर नंतर वाचले. घरी परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हा शब्द आमच्या घरी पूर्वी एकदा येऊन गेला होता.

तेव्हा तो आईंच्या गुडघ्यांसाठी उच्चारला गेला होता. त्यांचे वय अडुसष्ट होते. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला उद्वाहक नाही. आईंचा रोजचा क्रम ठरलेला असे. सकाळी खाली बसून पूजा, जमिनीवर बसून भाजी निवडणे आणि संध्याकाळी जिना उतरून गल्लीतल्या मंदिरात हरिपाठ. झीज म्हटल्यावर आम्ही शहाण्या मुलांसारखे वागलो. "आई, जिना नको," असे एकाने बजावले. दुसरीने पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र, भाजीची टोपली, सारे त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवले. देव्हाराही टेबलावर चढवला. तो पाहून त्या म्हणाल्या, "अगं, माझ्यासाठी देवालाही उठवलंस?" आम्ही हसलो. त्याही हसल्या. हरिपाठ मात्र सुटला. हळूहळू मांड्या काटकुळ्या झाल्या. पुढे खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागू लागला, आणि एका पहाटे न्हाणीघराच्या दाराशी त्या पडल्या. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

आज वाटते, आमच्या मायेला त्या एका शब्दाने वाट दाखवली. चपलेचा तळ झिजतो, नाणे झिजते, देवळाची पायरी झिजते. जे वापराने झिजते ते वापरू नये, हा त्या शब्दाच्या पोटातला सल्ला. त्याला जोड म्हणून 'गुडघ्यातलं वंगण संपलं' हे दुसरे रूपक गल्लोगल्ली तयारच असते. शिवाय मराठीत झिजणे हा गुणही आहे. संसारासाठी चंदनासारख्या झिजल्या, असे आईंच्या मागे किती जणांनी म्हटले! रूपके शिकवण्यावर ज्यांची उपजीविका चालते, त्या आम्हाला हे रूपक आहे एवढेही ओळखता आले नाही.

ते आम्हाला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने दाखवून दिले. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, ती म्हणाली. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते आणि सांध्यावर भार पडण्या-सुटण्याने तो द्रव तिच्यात खेळतो. म्हणजे हालचाल हेच तिचे अन्न. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील, तर सांध्याला आधार मिळतो. वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. क्ष-किरण चित्रातले बदल आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ पुष्कळदा बसतही नाही. "मॅडम, थोडं दुखलं तरी चाला. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल, तर तेवढं कमी करा." आम्ही आईंविषयी विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही प्रेमानंच केलंत ना?" त्या उत्तरातली सुटका आम्हाला आजवर नीटशी घेता आलेली नाही. त्या चालत राहिल्या असत्या तर पडल्या नसत्या, असेही आम्हाला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता आणि त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. एवढ्या मोठ्या संख्येपुढे आमचे घरगुती उपाय किरकोळ आहेत. सकाळी चहाचे आधण ठेवले की खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा; असे पंधरा वेळा. मोजणी दुसऱ्याने करायची, कारण जिचा पाय आहे तिचे आकडे भराभर संपतात. महाविद्यालयात अर्धा तास उभे राहून शिकवायचे आणि मग उंच स्टुलावर टेकायचे. पहिल्या दिवशी त्या स्टुलाची लाज वाटली. बसून शिकवणारे ते आळशी, ही आमचीच जुनी समजूत होती. मुलांच्या लक्षातही आले नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणात मात्र तीन तास एका जागी उभे राहण्यापेक्षा बाकांमधून फिरणे सोसते. कॉपी करणाऱ्यांना ते अर्थातच सोसत नाही. उत्तरपत्रिका तपासताना दर पाचव्या गठ्ठ्याची वाट न पाहता, दर पाचव्या उत्तरपत्रिकेला उठायचे. काही दिवस तरीही वाईट जातात. पावसाळी सकाळी अंथरुणातून उतरताना गुडघा आखडलेला असतो, चिडचिड होते, आणि ती मोजणाऱ्यावर निघते.

देव्हारा अजून टेबलावरच आहे. तो आता पुन्हा उपयोगी पडतो. संध्याकाळी मात्र आम्ही दोघे जिना उतरतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हा नियम पाठ झाला आहे. मंदिरापर्यंत जायला आईंना किती वेळ लागत असे, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. आमच्या चालीने सात मिनिटे लागतात.