उरलेले सदतीस

कोल्हापूरचे नाव निघाले की बाहेरगावच्या मंडळींना अंबाबाईचे देऊळ, कुस्तीच्या तालमी, गूळ आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. या नगरीची आणखी एक ओळख आहे, ती ओतीव लोखंडाची. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने व त्यांचे सुटे भाग घडवता घडवता हा व्यवसाय वाढला आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत पसरला. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांची चूल या फौंड्र्यांच्या आधारावर पेटते. त्यामुळे भट्टीपाशी उभे राहण्याचे प्रसंग आमच्या वाट्याला अधूनमधून येतात.

वितळलेल्या लोखंडाचे तापमान मोजण्याची तेथील रीत पाहण्यासारखी असते. लांब दांडीच्या टोकाला थर्मोकपल बसवून ते रसात बुडवतात आणि भिंतीवरच्या यंत्रात आकडे धावू लागतात. हे थर्मोकपल ज्या तत्त्वावर चालते, त्याचा शोध सीबेक यांनी १८२१ साली लावला. पाहणाऱ्याला वाटते, रस चौदाशे अंशांवर असेल तर आकडाही तत्क्षणी चौदाशेच दाखवील. तसे होत नाही. आकडा प्रथम झेप घेतो, मग चालू लागतो, मग रांगतो.

आमचे एक स्नेही अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रणशास्त्र शिकवतात. त्यांनी आम्हांला याचे मर्म समजावून सांगितले. परिस्थिती एकाएकी बदलते आणि बदललेलीच राहते, त्याला ते ‘स्टेप इनपुट’ म्हणतात. बाहेरच्या हवेतली दांडी रसात शिरली, ही अशीच एक पायरी. आणि उष्णता साठवणारी एकच कोठी असलेली ती टोकाची सळई म्हणजे ‘फर्स्ट ऑर्डर सिस्टिम’, प्रथम कोटीची प्रणाली. तिचा नियम साधा आहे. गाठायचे अंतर जितके उरले असेल, तितक्याच प्रमाणात वेग. अंतर मोठे तेव्हा धाव मोठी, अंतर घटले की धावही घटते. तापलेल्या वस्तूच्या निवण्याविषयी न्यूटनने १७०१ साली हेच प्रमाण मांडले होते.

प्रत्येक प्रणालीला स्वतःचा एक कालावधी असतो, त्याला कालस्थिरांक म्हणतात. वस्तू जड असेल तर तो लांबतो, उष्णता सहज आत शिरत असेल तर आखूड होतो. एक कालस्थिरांक लोटला की अंतराचा सुमारे ६३ टक्के भाग कापला जातो आणि ३७ टक्के उरतो. दुसऱ्यात त्या उरलेल्याचा पुन्हा ६३ टक्के भाग कापला जातो. समजा, दांडी ३० अंशांवर आहे, रस १४०० अंशांवर आहे आणि कालस्थिरांक एक सेकंदाचा आहे. पहिल्या सेकंदाला आकडा ८९६ दाखवील, दुसऱ्याला १२१५, तिसऱ्याला १३३२, चौथ्याला १३७५ आणि पाचव्याला १३९१. पाचव्या सेकंदालाही नऊ अंश उरतातच. व्यवहारात मात्र तेथे पोहोचलो असे मानतात.

तिसऱ्या सेकंदालाच दांडी काढणारा कामगार रस आहे त्याहून ६८ अंश थंड समजेल. मग भट्टी उगीच चालू राहील, वीज जळेल, अतितप्त रस साच्याच्या वाळूत शिरून कास्टिंग खराब करील. म्हणून आताच्या यंत्रांत आकडा स्थिरावला की शिट्टी वाजण्याची सोय असते. आमचे स्नेही म्हणाले, “फादर, सुरुवातीचा वेग पाहून उठून जाऊ नये, एवढेच आम्ही मुलांना शिकवतो.”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले, कारण शिरोली हे नाव आम्हांला दुसऱ्याही कारणाने आठवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये याच शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पुराच्या पाण्याने बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन येणारी ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णाच तुडुंब असेल तर हिला वाट मिळत नाही. येथे एक कोठी नव्हे, कोठ्यांची माळच असते. म्हणून नदीला प्रथम कोटीचे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

ते लागू पडते आपल्या मदतीला. पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात केवढी धाव असते! ट्रक येतात, चादरी येतात, तांदूळ येतो, तरुण मुले गाळ उपसतात. संकट डोळ्यांत भरते तितका हात सैल सुटतो. जसजशी घरे सावरतात, तसतसे दुःख नजरेआड होते आणि मदतही आटत जाते. कोणी निष्ठुर झालेला नसतो. उरलेल्या अंतराच्या प्रमाणात वेग, हाच नियम चाललेला असतो. मात्र अखेरच्या ३७ मध्ये कोण असते? ज्यांच्या घराला कागद नाहीत ते, ज्यांना रांगेत उभे राहवत नाही ते, मातीच्या भिंती खचलेल्या विधवा. अशाच एका बाईंनी दिवाळीनंतर आम्हांला अगदी शांतपणे विचारले, “फादर, आता कुणी येणार न्हाई न्हवं?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती आणि तेच आम्हांला जड गेले.

हा प्रश्न आम्ही स्नेह्यांपुढे ठेवला. ते म्हणाले, गरिबाच्या घराला गळती असते. भट्टीतून उष्णता सतत निसटते तशी. व्याज, आजारपण, बुडालेली मजुरी. केवळ दिसणाऱ्या अंतराच्या प्रमाणात मदत दिली तर गळती आणि मदत जेथे समसमान होतात तेथे गाडी थबकते आणि थोडे अंतर कायमचे उरते. यावर अभियंते एक उपाय करतात. अंतर किती उरले आहे एवढेच ते पाहत नाहीत, ते किती काळ उरले आहे याचीही बेरीज करीत राहतात. अंतर लहान असले तरी दिवसागणिक ही बेरीज वाढते, तसा जोरही वाढतो आणि अखेर अंतर मिटते.

वाचकहो, आमच्या कार्यालयातील मदतीच्या वहीत तेव्हापासून एक रकाना वाढला आहे. कोणाला काय हवे हे पूर्वीही लिहिलेले असे. आता किती आठवडे हवे आहे तेही लिहिले जाते. दर महिन्याच्या बैठकीत वही उघडते ती या रकान्यातील सर्वांत मोठ्या आकड्यापासून. त्या बाईंच्या नावापुढे तो आकडा तेवीसवर जाऊन थांबला. चोविसाव्या आठवड्यात भिंत उभी राहिली होती.