दहा मिनिटांची हवा

आमच्या वस्तीतली दहावी-बारावी झालेली पोरं आता बोटीवर जाऊ लागली, याचा आम्हाला अभिमान आहे. विहारात त्यांचे अर्ज भरून देताना पगार, करार, सुट्टी सगळं विचारलं जातं. आम्ही मात्र आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. ती म्हणजे सुटकेचा टोप.

बोटीवर त्याला ‘ईईबीडी’ म्हणतात. इंजिनरूममध्ये आग लागून धूर कोंडला, तर हा टोप डोक्यावर चढवून बाहेर पडायचं. तो सक्तीचा करणारा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००२ पासून लागू झाला. हवा किमान १० मिनिटं पुरली पाहिजे, असा दंडक आहे.

पण धोका टोपाच्या आतही असतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड शेकडा ०.०४ च्या आसपास असतो. आपण सोडलेल्या श्वासात शेकडा ४ च्या आसपास, म्हणजे शंभर पट! तो टोपात साचला, तर ऑक्सिजन शिल्लक असूनही श्वास फुलतो, डोकं ठणकतं, काही सुचेनासं होतं. म्हणून काही टोपांत बाटलीतली ताजी हवा सतत सोडून तो बाहेर ढकलतात, काहींत रसायन तो शोषून घेतं. घाबरून धावपळ केली, की शरीर हा वायू जास्त तयार करतं. बाटली संपल्यावरही टोप डोक्यावर राहिला, तर त्यातच माणूस गुदमरतो.

दुसरी गोष्ट. हा टोप फक्त बाहेर पडण्यासाठी आहे. आग विझवायला किंवा प्राणवायू कमी असलेल्या टाकीत उतरायला तो वापरण्यास नियमानंच मनाई आहे. टाकीत पडलेल्या सोबत्याला काढायला उतरून खलाशी स्वतःच प्राणाला मुकले, असं जगभर घडलं आहे. आपल्या समाजाला हे दुःख नवं नाही. गटारात उतरलेल्याला वाचवायला गेलेले भाऊही आपण गमावले आहेत. सुरक्षा साधनांविना गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात.

म्हणून पोरांनो, बोटीवर गेल्या दिवशीच टोप कुठं आहे ते विचारा. दाबाचा काटा पाहा. सरावाचा टोप घालून पाहा. ‘टोप घाल आणि टाकीत उतर’ असं कुणी साहेब म्हणाला, तर नाही म्हणा आणि युनियनला कळवा.

शिका, असं बाबासाहेब सांगून गेले. त्या शिकण्यात हेही आलं. घरी आई वाट पाहत असते.

जयभीम!