गल्लीच्या पोटात

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरी 'हम' म्हणायची सवय, म्हणून मराठीत लिहायला बसलो की 'मी'च्या जागी 'आम्ही' येतं. बी.एड.ला असताना मराठी मित्र हसायचे, "एकटेच आलात की सगळा मोहल्ला घेऊन?" वाचकांनी सांभाळून घ्यावं.

परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. गेल्या मार्चात नळाच्या पाइपलाइनसाठी आमची गल्ली मधोमध फोडली. कमरेइतका खोल चर. लहान मुलं त्यात उतरून खेळू लागली आणि सत्तरीचे अब्बा खुर्ची घेऊन चराच्या काठावर जाऊन बसले. दम्यामुळे ते फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांनी आम्हाला हाक मारली. "देख मास्तर, नीचे से पढ़. उपर से पढ़ेगा तो कुछ समझ में नैं आता."

अब्बांना मराठी वाचता येत नाही, उर्दू जेमतेम. पण त्यांची तीस वर्षं रस्त्याच्या कामावर गेली, आधी मजूर म्हणून, नंतर मुकादम म्हणून. त्या दिवशी काठीच्या टोकानं त्यांनी आम्हाला आमची गल्ली वाचून दाखवली.

सगळ्यात खाली आपली काळी माती. कापसाला सोन्यासारखी, रस्त्याला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर एका पावसाळ्यात खडी मातीत आणि माती वर. म्हणून तिच्यावर मुरूम. मुरूम म्हणजे आपलाच काळा दगड झिजून, कुजून झालेला तांबूस चुरा. त्यावर सोलिंग, म्हणजे उभे लावलेले मोठे दगड आणि फटींत ठोकून बसवलेल्या चिपा. सोलिंगवर खडी. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, वर बारीक खडी आणि मुरूम टाकून पाणी मारायचं, पुन्हा रोलर. दगडाला दगड अडकतो आणि हलायचा थांबतो. यालाच आपण खडीकरण म्हणतो. इंजिनियर लोक त्याला डब्ल्यूबीएम म्हणतात. त्यातला 'एम' म्हणजे मॅकॅडम, दोनशे वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडचा माणूस. त्याचं म्हणणं असं की वजन पेलते ती खालची जमीन. ती कोरडी ठेवा, मग वर बारीक फोडलेली खडी पुरते. शेरशाह सूरीचा रस्ता आम्ही दरवर्षी शिकवतो, झाडं आणि सरायांसकट. खाली काय घातलं होतं ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, आणि आम्हालाही ते विचारावंसं कधी वाटलं नाही.

खडीच्या थराशी अब्बांची काठी थांबली. "ये क्रशर की नैं. हाथ की फोड़ी हुई है."

१९७२च्या दुष्काळात अब्बा सोळा वर्षांचे होते. दादी आणि ते सरकारी कामावर खडी फोडायला जात. बुरखा घरी ठेवून, डोक्याला पदर गुंडाळून दादी हातोडी चालवायच्या. खायला मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. दगडाच्या चिपा उडून डोळ्यात जात. दादींचा डावा डोळा तेव्हापासून अधू झाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, पण आमच्या घरात त्याची सुरुवात त्या डोळ्यापासून मोजतात. ही खडी त्यांचीच होती असं अब्बा म्हणाले नाहीत. हातची आहे, एवढंच म्हणाले आणि बराच वेळ काठी तिथेच टेकवून बसले.

त्यावर डांबराचे दोन पातळ थर, दोन वेगवेगळ्या वर्षांचे. अब्बांच्या वेळी पिंपाखाली लाकडं लावून डांबर तापवत. पायाला गोणपाट बांधून मजूर झारीनं ते ओतायचे; अब्बांच्या नडगीवरचे डाग आम्ही लहानपणी मोजायचो. डांबर कमी तापलं तर खडीला नीट धरत नाही, जास्त तापलं तर जळतं आणि ठिसूळ होतं. खाली धूळ राहिली की पापुद्रा निघतो. आणि पाणी साचलं की डांबर खडीला सोडून देतं. अब्बांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पानी कू रस्ता दिये तो सडक रहती, नैं तो सडकच पानी का रस्ता बनती." म्हणून रस्ता कासवाच्या पाठीसारखा हवा, मध्ये उंच आणि मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर उतरता, आणि दोन्ही बाजूंना वाहती नाली.

सगळ्यात वर सहा इंच सिमेंट काँक्रीट. २०१९चं. या थराबद्दल अब्बा काहीच बोलले नाहीत. बोलायचं आम्हाला आहे.

२०१९च्या मे महिन्यात हे काम झालं. जुनं डांबर न उखडता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. अब्बा उंबरठ्यावरून सांगत होते, "पहले खोदो, नैं तो घराँ नीचे जाते." ऐकतो कोण? काँक्रीटवर पाणी चार दिवसच मारलं. सिमेंट पुरतं घट्ट व्हायला अठ्ठावीस दिवस धरतात, आणि आकसताना ते वेडंवाकडं फुटू नये म्हणून ठरावीक अंतरावर खाचा पाडतात. एकही खाच पाडली नाही. मग ठेकेदाराचा माणूस एक कागद घेऊन आमच्याकडे आला. काम समाधानकारक झाले, खाली मोहल्ल्यातील प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या. पहिली जागा आमच्यासाठी रिकामी ठेवली होती. मोहल्ल्यात बी.एड. आम्हीच. त्यानं 'सर' म्हटलं, खुर्ची दिली. आम्ही झोकदार मराठीत सही केली. आत अब्बा झोपले होते. त्यांना उठवावं असं मनात आलं होतं, ते खोटं कशाला सांगू. उठवलं नाही. एरवी 'आम्ही' म्हणतो, पण त्या कागदावर आम्ही एकटेच होतो.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी एका अंगाला आलं. आमच्या घरात घोट्याएवढं, समोरच्या खालांच्या घरात गुडघ्याएवढं. खाला बेवा आहेत, शिलाईवर घर चालतं. मशीनची मोटर जळाली, ईदसाठी शिवायला आलेले लोकांचे कपडे चिखलात भिजले. आम्ही अर्ज लिहिला, मोहल्ल्याचे सगळे अर्ज आम्हीच लिहितो. कचेरीत बाबूनं फाइल उघडून आमचीच सही आमच्यासमोर धरली. परत आलो तेव्हा खाला दारात होत्या. "सही तो तुमीच किए थे ना, मास्तर?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मोटरचे पैसे आम्ही देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

पाइप बसल्यावर मजूर चरात निघालेली मातीच लोटू लागले. अब्बांनी काठी आडवी धरली. आम्ही त्या दिवशी किरकोळ रजा टाकून उभे राहिलो. काळी माती बाजूला काढायला लावली, मुरूम मागवला. वीतभर थर, पाणी, धुम्मस; पुन्हा थर, पाणी, धुम्मस. मजूर वैतागले, मग त्यातल्या एका म्हाताऱ्यानं अब्बांना ओळखलं आणि काम सरळ चाललं. वर काँक्रीटचा पट्टा पडला तेव्हा अब्बांनी दोरी धरून उतार बघितला.

पंधरा दिवसांनी कागद आला. तोच मजकूर, पहिली जागा रिकामी. आम्ही म्हटलं, आधी एक बादली ओता. ओतली. अर्धं पाणी नालीकडे गेलं, अर्धं सावकाश खालांच्या दाराकडे. माणूस म्हणाला, नवा पट्टा बरोबर आहे, जुना उतार आमचा नाही. खरंच होतं ते. तरी कागद आम्ही ठेवून घेतला. कपाटात उर्दू लुगतीखाली आहे. दोनदा निरोप येऊन गेला. काल खालांनी दारातूनच विचारलं, "क्या हुआ उस कागज का?"

"रखा है," आम्ही म्हटलं. "सही नैं की."

"अब्बा कू पूछ लेव," त्या म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या.